‘हॅव’ला काल चालत नाही

‘काल पैसे भरलेत’ हे मराठीत अगदी बिनचूक वाक्य. त्यात ‘काल’ही आहे आणि ‘आहेत’ही, आणि दोघांचं उत्तम जमतं. तेच इंग्रजीत नेलं की ‘आय हॅव पेड येस्टरडे’ होतं आणि तिथे बिनसतं. संपलेली वेळ ‘हॅव’ला खपत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 यांतलं काहीही आलं की ‘हॅव’ने निमूट बाहेर पडायचं: ‘आय पेड येस्टरडे’. ‘व्हेन हॅव यू कम?’ तर आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तिथेही ‘डिड’च हवं, कारण ‘व्हेन’ नेमकी वेळच विचारतं.

वेळ संपली नसेल तर मात्र ‘हॅव’. सकाळी अकराला ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’ म्हणायचं. दुपारी चारला त्याच दोन कपांसाठी ‘आय हॅड’. चहा तोच, सकाळ तेवढी सरली.

क्रियाविशेषणांत खरा घोळ ‘अजून’ घालतो. ‘अजून झोपलाय’मध्ये तो स्टिल, ‘अजून एक पोळी’त वन मोर. ‘अजून आला नाही’चे मात्र दोन सूर निघतात. ‘ही हॅजन्ट कम यट’ ही साधी माहिती. ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ म्हटलं की वाट पाहणारा वैतागलाय. जागाही सांभाळायची: यट शेवटी, स्टिल ‘हॅजन्ट’च्या आधी. ‘ही हॅजन्ट स्टिल कम’ कानाला खटकतंच.

‘आत्ताच गेला’ म्हणजे ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’. पण ‘जस्ट नाऊ’ वापरलं तर ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’. अमेरिकन माणूस ‘डिड यू ईट यट?’ असं खुशाल विचारतो. बोलण्यात ते चालेल, ब्रिटिश वळणाच्या पेपरात मात्र ‘हॅव’ लिहिलेलं बरं.

‘पासून’ने तर कित्येकांना गोत्यात आणलंय. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. सिन्सला सुरुवात लागते (सिन्स 2020), फॉरला कालावधी (फॉर फाइव्ह इयर्स), आणि मुक्काम चालू असेल तर क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’. घाईत ‘आय लिव्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणालात, तर मुलाखत घेणारा सरळ विचारेल, मग आता कुठे असता?