सह्या वीस, गोळ्या चौदा

घरी येऊन रुग्णसेवा देणाऱ्या एखाद्या एजन्सीचं काम तपासायला मला बोलावलं की सगळ्यात आधी फाईल पुढे येते. कव्हर घातलेली, रंगीत चिठ्ठ्या लावलेली. मी ती बाजूला ठेवते आणि औषधांचा डबा मागते. वॉर्डात सिस्टर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे ही खोड. निवृत्तीनंतर ओळखीची कुटुंबं बोलावतात, अधूनमधून एखादी एजन्सीही स्वतःहून म्हणते, "मॅडम, एकदा आमचं काम बघून घ्या."

औषधांच्या तक्त्यावरच्या सह्या आणि डब्यातल्या शिल्लक गोळ्या यांचा मेळ घालायला दहा मिनिटं लागतात. एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या. रक्तदाबाची गोळी, रोज सकाळी एक. महिन्याच्या पहिल्या तारखेला ३० गोळ्या आणलेल्या. मी गेले २० तारखेला संध्याकाळी. तक्त्यावर वीस सह्या, एकाही दिवसाचा खाडा नाही. डब्यात दहा उरायला हव्या होत्या, निघाल्या चौदा. शिवाय वीसच्या वीस सह्या एकाच ताईंच्या, आणि हजेरीपत्रकात त्याच ताई मधले चार दिवस रजेवर!

आजींची मुलगी तिथल्या तिथे ताईंवर घसरली. मी तिला थांबवलं आणि ताईंना आतल्या खोलीत नेऊन विचारलं. त्या रजेवर असताना बदलीवर एक नवी मुलगी आली होती. डबा कपाटाच्या वरच्या खणात असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ताई परत आल्या आणि सुपरवायझरचा फोन आला: महिनाअखेरीला फाईल वर जाते, रकाने रिकामे दिसता कामा नयेत, तेवढे भरून टाका. त्यांनी भरले. नोकरी टिकवायची असलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

आता यात दोष कुणाचा? खोटी सही ताईंची, हे मी अहवालात लिहिलंच. पण बदलीवर येणाऱ्या मुलीला घराची माहिती देण्याची पद्धतच त्या एजन्सीत नव्हती, आणि रिकाम्या रकान्याबद्दल बोलणी बसत होती. जिथे रिकामा रकाना हा गुन्हा ठरतो, तिथे तक्ता कायम भरलेलाच दिसणार. मला उलट, अधूनमधून "गोळी दिली नाही, आजी नको म्हणाल्या, ऑफिसला कळवलं" असं लिहिलेला तक्ता दिसला की बरं वाटतं. त्यापुढे ऑफिसने काय केलं हेही लिहिलेलं असेल तर फारच उत्तम.

इंग्लंडमध्ये अशा सेवांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन ही यंत्रणा २००९ पासून करते. तिचे मूळ प्रश्न पाचच आहेत: सेवा सुरक्षित आहे का, तिचा उपयोग होतो का, माणसं आपुलकीने वागतात का, गरजेप्रमाणे सेवा बदलते का, आणि कारभार नीट चालतो का. कारभाराचा प्रश्न यादीत शेवटी येतो. मी तो पहिला धरते, कारण बाकी चारांची उत्तरं बहुतेक वेळा त्यातच सापडतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात यासाठी वेगळं प्रकरणच दिलंय. आपण हजर असताना जे होतं, ते आपण नसतानाही होईल अशी सोय लावणं, असा त्याचा गाभा. त्या चार दिवसांत नेमकं तेच घडलं नव्हतं.

मग ऑफिसात जाऊन मी ड्युटीचं वेळापत्रक मागते. एका घरची भेट दहाला संपते आणि त्याच बाईंची दुसऱ्या घरची भेट दहालाच सुरू होते असं दिसलं, की पुढे काही विचारायची गरज नसते. मधला प्रवास कुणाच्या तरी अंघोळीतून किंवा भरवण्याच्या वेळेतून कापला जाणार. नव्या माणसाने अनुभवी माणसाबरोबर राहून किती दिवस काम पाहिलं, आधीच्या मालकाकडे चौकशी केली का, की ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन थेट घरी पाठवलं, तेही बघते. तक्रारवही कोरी करकरीत असेल तर मालक अभिमानाने दाखवतात. इतक्या घरांत इतकी माणसं जातात आणि कुणाची कधी कुरकुर नाही? म्हणजे तक्रार कुठे करायची हेच लोकांना ठाऊक नाही. एजन्सीच्या 'चोवीस तास सुरू' असलेल्या नंबरावर मी रात्री फोन लावून बघते. कोण उचलतं, आणि उचलणाऱ्याला रुग्णाचं नाव सांगितल्यावर काही बोध होतो का, एवढंच.

रुग्णाशी बोलायचं ते केअरटेकर खोलीत नसताना. "सेवा कशी आहे?" असं विचारलं तर "छान आहे हो" हेच उत्तर येतं. ज्यांच्या हातून पाणी प्यायचं, त्यांच्याबद्दल वाईट कोण बोलेल? म्हणून मी विचारते, रात्री हाक मारली तर किती वेळाने कुणी येतं? काल अंघोळ कुणी घातली, पाणी कसं होतं? केअरटेकरलाही विचारते, तुम्ही झोपता कधी? चोवीस तासांच्या ड्युटीवर एकच माणूस ठेवून वर रात्री दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी असतील, तर त्या वाचण्यात अर्थ नाही. एका घरी मी पावणेदोनला पोहोचले आणि दोन वाजता कूस बदलल्याची नोंद आधीच झालेली होती!

पाठ मात्र मी स्वतः बघते, रुग्णाला विचारून आणि दार लावून. माकडहाड, टाचा, कमरेची बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचं. बोट काढल्यावर जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. पांढरी होतच नसेल तर बेडसोरची सुरुवात झालेली आहे, मग वरची कातडी कितीही अखंड दिसो. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या मानाने जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का हे हाताने चाचपावं लागतं. केअरटेकरला हे कुणी शिकवलंय का, हे विचारत बसत नाही, "मला करून दाखवा" म्हणते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली पण जमिनीला न टेकलेली आहे ना, तेही तेव्हाच नजरेखालून जातं.

अहवाल लिहून झाला की मालकांचा फोन ठरलेला. परवाच्या एजन्सीला "बेडसोरची सुरुवात" हे शब्द नको होते, "त्याऐवजी 'किरकोळ लालसरपणा' लिहाल का? कुटुंब उगाच घाबरतं." मी डागाची जागा, सेंटीमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि दाबल्यावर रंग बदलत नाही हे तारखेसह लिहिलं, प्रत कुटुंबाला दिली, आणि एका आठवड्याने पुन्हा मोजायला कोण येणार ते नाव मालकांकडून घेऊन त्याच कागदावर घातलं.