गाडीचे पुढचे दोन फूट

"क्रेटाचं टॉप मॉडेल घेऊ, की अजून जरा ताणून बीएमडब्ल्यू एक्स-वन?" नावं बदलतात. कधी सेल्टॉस आणि ऑडी क्यू-थ्री, कधी एक्सयूव्ही ७०० आणि मर्सिडीज जीएलए. विचारणारेही बदलतात: अंबडचे कारखानदार, गंगापूर रोडवरचे डॉक्टर, पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदार, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे. प्रश्न तोच असतो. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. पन्नास हजारांवरचा क्लेम परवानाधारक सर्व्हेअरने गाडी पाहिल्याशिवाय मंजूर होत नाही, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या ठोकलेल्या, घसरलेल्या, बुडालेल्या गाड्या माझ्यासमोर येतात. म्हणूनच बहुधा मला विचारतात. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो.

आधी इंजिनाचं बोलू, कारण तिथे सगळ्यांचा समज वेगळा असतो. क्रेटाचं १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १६० पीएस (म्हणजे साधारण अश्वशक्तीच) ताकद देतं. एक्स-वनचं पेट्रोल इंजिनही दीड लिटरचंच आहे, तीन सिलिंडरचं, आणि ते १३६ पीएस देतं. जीएलए २०० मधलं १.३ लिटरचं इंजिन मर्सिडीज आणि रेनोने मिळून बनवलेलं. त्याचाच एक अवतार २०२० मध्ये आपल्याकडे डस्टरमध्ये मिळत होता. पेट्रोल क्यू-थ्री तेवढी वेगळी, तिचं दोन लिटरचं इंजिन १९० पीएस देतं आणि चारही चाकांना ताकद पोचवतं. म्हणजे दुप्पट-अडीचपट पैसे मोजून दुप्पट पळणारी गाडी मिळेल, असं मनात असेल तर ते काढून टाका. कारखानेही फार लांब नाहीत. जीएलएची जुळणी चाकणला होते, क्यू-थ्रीची संभाजीनगरजवळ शेंद्र्याला.

मग पैसे जातात कुठे? याचं उत्तर कागदावर मिळत नाही, रस्त्यावर मिळतं. तोही शहरातला कॉलेज रोड नव्हे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नाशिककराचं मुंबईला जाणं बदललं. त्या काँक्रीटवर १२० च्या मर्यादेत गाडी सोडा आणि कानाने ऐका. काँक्रीटवर टायरचा घुमारा डांबरापेक्षा जास्त उठतो. वीस लाखांच्या गाडीत तो आत येतो, मागे बसलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो. लक्झरी गाडीत तो बाहेर राहतो. दाराची रबरं, काचांची जाडी, तळाला घातलेलं आवाज शोषणारं अस्तर, सीटची घडण यांत ते पैसे असतात. सस्पेन्शनमध्येही असतात. क्रेटाच्या मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा असतो, त्याला टॉर्शन बीम म्हणतात. एका चाकाखाली खड्डा आला की त्याची खबर दुसऱ्या चाकालाही लागते. एक्स-वनची मागची चाकं मल्टी-लिंक पद्धतीने स्वतंत्र टांगलेली असतात. कसाऱ्याच्या घाटातलं वळण उतरताना मध्येच पॅच लागला, तर पहिली गाडी किंचित बाजूला सरकते आणि दुसरी आपली ओळ सोडत नाही. हा फरक खरा आहे. जाहिरातीतला नाही, मी दोन्ही चालवून पाहिल्या आहेत. एक्सयूव्ही ७०० लाही (२०२६ पासून तिचं नाव एक्सयूव्ही ७एक्सओ) मागे मल्टी-लिंकच आहे, हे मात्र शोरूममध्ये कोणी आवर्जून सांगत नाही. रस्त्यावरची पकड हवी पण पन्नास लाख घालायचे नाहीत, त्यांनी ती आधी चालवून बघावी.

आता माझ्या कामाचा भाग. मी पाहिलेल्या बहुतेक क्लेममध्ये नुकसान गाडीच्या पुढच्या दोन फुटांत असतं. बंपर, ग्रिल, हेडलॅम्प, त्यामागे एसीचा कंडेन्सर, रेडिएटर आणि हल्ली पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार. द्वारका चौकात समोरच्याने अचानक ब्रेक मारला, पाथर्डी फाट्याला रिक्षा आडवी आली, ओझरच्या पुढे कांद्याचा ट्रॅक्टर दिवा न लावता चालला होता. वेग फार नसतो, माणसं सुखरूप असतात, आणि हे दोन फूट जातात. म्हणून मी सांगतो, गाडीच्या किमतीआधी या दोन फुटांची किंमत काढा.

पूर्वी हेडलॅम्प म्हणजे काच आणि बल्ब. आता ते एलईडीचं सीलबंद युनिट असतं. त्याला पकडून ठेवणारा प्लॅस्टिकचा छोटासा तुकडा तुटला तरी बहुतेक वेळा अख्खं युनिट बदलावं लागतं. साध्या गाडीत तो खर्च हजारांत बसतो, लक्झरी गाडीच्या मॅट्रिक्स दिव्यांना (समोरच्या वाहनापुरता प्रकाश आपोआप कमी करणाऱ्या) एका बाजूचा आकडा लाखात जाऊ शकतो. पुढच्या काचेच्या वर कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा अचूक जुळवणं, करावं लागतं. हे क्रेटाच्या वरच्या मॉडेललाही लागू आहे. २०२४ पासून तिच्यातही रडार आणि कॅमेरा आला आहे. त्यामुळे साधी गाडी घेतली म्हणजे सुटलो असंही समजू नका.

विम्यात हे कसं बसतं तेही बघा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भागांचे पैसे देणारं जादा कव्हर, घेतलं नसेल, तर प्लॅस्टिक, नायलॉन आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात, गाडी महिनाभराची असली तरी. बंपर प्लॅस्टिकचा, हेडलॅम्पची बॉडी प्लॅस्टिकची, ग्रिल प्लॅस्टिकची. काचेला मात्र घसारा लागत नाही. म्हणून पहिली काही वर्षं झिरो डेप दोन्ही गाड्यांना घ्याच. पुढे गाडी जुनी होते तसं ते महागतं आणि नंतर मिळणंही कठीण होतं. लक्झरी गाडीचा खरा खर्च त्या सुमाराला सुरू होतो.

आयडीव्ही म्हणजे विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत. ती पहिल्या वर्षात १५ टक्क्यांनी उतरते, चौथं वर्ष संपून पाचवं लागलं की निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि तुम्ही मिळून, बाजारभावाकडे बघून ठरवता. जुन्या लक्झरी गाडीचा बाजारभाव झपाट्याने उतरतो. सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच भावात येतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते. सात वर्षांची लक्झरी गाडी समोरून जरा जोरात ठोकली, एअरबॅग उघडल्या, की हिशेब त्या रेषेजवळ फार लवकर पोचतो. मालक सांगत असतो, "साहेब, चेसिसला काही झालेलं नाही, इंजिन सुरू होतंय." त्याचं म्हणणं खरं असतं, आणि गाडी तरीही जाते. त्या वेळी त्या माणसाशी बोलणं मला अजूनही जड जातं.

करांचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे क्रेटा आणि एक्स-वन एकाच दरात. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सीसीवर ठरतो, किमतीवर नाही, त्यामुळे १५०० सीसीच्या आतल्या क्रेटा आणि एक्स-वन या दोन्ही गाड्यांना तो सारखाच. फरक पडतो रोड टॅक्समध्ये. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, २० लाखांवर १३ टक्के, आणि डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. १८ लाखांच्या पेट्रोल गाडीला २ लाख १६ हजार, ५० लाखांच्या गाडीला साडेसहा लाख. अंबड-सातपूरची मंडळी इथेच म्हणतात, "कंपनीच्या नावावर घेऊ ना, जीएसटी परत मिळेल." मिळत नाही. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरचं इनपुट क्रेडिट कायद्याने अडवलेलं आहे, टॅक्सी किंवा गाड्यांची विक्री असे काही धंदे सोडून. वर कंपनीच्या नावावर रोड टॅक्स २० टक्के लागतो, म्हणजे त्या ५० लाखांवर दहा लाख. आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तो धरून सीएकडून पूर्ण हिशेब मांडून घ्या आणि मगच नाव ठरवा.

दिंडोरीकडच्या एका बागाईतदारांनी गेल्या हंगामानंतर विचारलं होतं. द्राक्षाचे पैसे हातात आले होते. "पोरगा म्हणतो आता मोठ्या मार्काचीच घ्यायची. तुम्ही सांगा, तुमचं ऐकंल तो." मी त्यांच्यासोबत बागेपर्यंत गेलो. डांबरी रस्ता सोडला की मुरमाची वाट, मध्ये पाटाचा उंचवटा, पावसाळ्यात चिखलाच्या खोल चाकोऱ्या. लक्झरी गाड्यांना बऱ्याचदा मोठ्या अलॉय चाकांवर पातळ साइडवॉलचे, म्हणजे बाजूची उंची कमी असलेले, टायर असतात. दगडावर कडा बसली की टायरला फुगा येतो, तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. काही मॉडेलमध्ये पूर्ण मापाची स्टेपनीही नसते. त्या वाटेवरून रोज दोनदा जायचं, खतांच्या गोण्या, फवारणीचं साहित्य, मजुरांना सोडणं. मी मुलाला समोर बसवून सांगितलं की तुला ही गाडी परवडते, पण तुझ्या वाटेला ती परवडत नाही. त्यांनी चार चाकांना ताकद देणारी देशी डिझेल घेतली.

उलट गंगापूर रोडवरच्या एका सर्जनना मी लक्झरीच घ्या म्हणालो. आठवड्यातून मुंबईची फेरी ठरलेली, रात्री ऑपरेशन आटोपून परत यायचं, घरी बंदिस्त पार्किंग, खड्ड्यांच्या रस्त्यावर जाण्याचं काम नाही आणि पैसे कर्ज न काढता हातात. दमलेला माणूस रात्री दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर चालवतो, तेव्हा शांत केबिन आणि चांगली सीट ही चैन उरत नाही. त्यांनी सर्वात खालचं मॉडेल बघितलं होतं, नुसता लोगो आणि त्यात काहीच नाही असं. मी त्यांना वरचं घ्यायला लावलं. नावापुरती लक्झरी घ्यायची असेल तर त्यापेक्षा साध्या गाडीचं टॉप मॉडेल हजारपट बरं.

सुरक्षिततेचा मुद्दा लोक हमखास काढतात, जर्मन पत्रा वगैरे. टाटा नेक्सॉनला २०१८ मध्येच ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच स्टार मिळाले, एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये, कुशाक आणि टायगूनला २०२२ मध्ये. आता ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही आहे. ज्या गाडीचा विचार करताय तिचा निकाल बघा. फक्त 'सेफ आहे' म्हणून पंचवीस-तीस लाख जास्त घालायची गरज उरलेली नाही. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही तर कोणतेच स्टार उपयोगी पडत नाहीत, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आणि गोदावरी. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं की घाटावरच्या गाड्या हलवायच्या, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, तरी गाड्या अडकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली आणि इंजिनात पाणी शिरून रॉड वाकला, तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. गाडी कोणतीही घ्या, हे घ्याच, आणि पाण्यात बंद पडली तर किल्ली फिरवू नका.

तुमच्यापैकी पुष्कळांना नाशकातल्या नाशकातच फिरायचं असतं: घर, ऑफिस, शाळा, रविवारी त्र्यंबक, कधी शिर्डी. वर २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्त्यांची कामं काढलेली. रविवार कारंजावर कोणतीही गाडी तेवढ्याच वेगाने सरकते. तुम्हाला माझं सरळ मत साध्या गाडीचं वरचं मॉडेल घ्या असंच आहे. कर्ज काढून, हप्त्याचा ताण घेऊन लक्झरी तर अजिबात नको, कारण सहाव्या वर्षीच्या खर्चालाही पैसे लागतात आणि तेव्हा ते उरलेले नसतात. ज्यांचं महिन्याचं बरंचसं अंतर हायवेवर जातं आणि पैसे मोकळे आहेत, त्यांनी मनात काही न ठेवता घ्यावी. चांगली बनवलेली वस्तू वापरण्याचा आनंद मोठा असतो.

शोरूममध्ये गेलात की बुकिंगच्या आधी पाच आकडे लेखी मागा: पुढचा बंपर, एक हेडलॅम्प, कॅमेऱ्यासकट पुढची काच, एक अलॉय, एक टायर. बॉडीशॉप नाशकात आहे की गाडी मुंबई-पुण्याला न्यावी लागेल तेही विचारा, आणि भाग यायला किती दिवस लागतात तेही. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मागच्या गल्लीत घेऊ नका, तुमच्या रोजच्या रस्त्यावर घ्या, घरच्या सगळ्यांना बसवून.

राहिला तिसरा पर्याय: त्याच वीस-बावीस लाखांत तीन-चार वर्षं वापरलेली लक्झरी? घेता येते, पण ती गाडी पन्नास लाखांचीच आहे असं समजून सांभाळायची तयारी असेल तर. १ एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालते का, ते इंधनाच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये बघा. वॉरंटी किती उरली आहे ते बघा. आणि मालकाकडून सर्व्हिसच्या नोंदींसोबत मागच्या पॉलिसींच्या प्रती मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मध्येच कधी शून्यावर आला असेल तर त्या वर्षी क्लेम झाला होता का, आणि झाला असेल तर काय बदललं, याचं बिल बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.