कटकट

"काका, सायकलचं बीबी नवीन टाकलं, क्रँक काढून ग्रीस लावलं, चेन बदलली. तरी कटकट जात नाही. उद्या पहाटे चारला माझी तीनशे आहे."

डिसेंबरातला शनिवार होता. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि बारक्या झाडू मारत होता. या मॅडम सीए आहेत, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. बीबी म्हणजे ज्यावर पेडलचा क्रँक फिरतो ते बेअरिंग. तीनशे म्हणजे तीनशे किलोमीटरची बीआरएम, ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, ही वीस तासांत पुरी करायची. दोनशे त्यांनी नोव्हेंबरात केली होती. पुढे चारशे आणि सहाशे असा त्यांचा बेत होता. एका हंगामात चारही झाल्या की सुपर रँडोनर म्हणवून घेता येतं, आणि या बाई एकदा मनावर घेतलं की सोडणाऱ्यातल्या नाहीत.

सायकल कार्बनची, अकरा स्पीड, डिस्क ब्रेकवाली. एका हाताच्या दोन बोटांनी उचलावी इतकी हलकी. वडिलांनी हे दुकान टाकलं तेव्हा तासावर भाड्याने द्यायच्या वीस सायकली होत्या. त्यातली एक उचलायला मला, चौदा वर्षांच्या पोराला, दोन्ही हात लागायचे. कोणी गिऱ्हाईक भिंतीवर आपटून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, वाकवून आणायचं. वडील त्यात पाइप घालायचे, गुडघा टेकवायचे आणि डोळ्याने अंदाज घेत सरळ करायचे. संध्याकाळी तीच सायकल पुन्हा भाड्याने बाहेर. मी याच शाळेत शिकलो. लोखंड वाकतं, कुरकुरतं, रंगाचे पोपडे टाकतं, म्हणजे आधी तक्रार तरी करतं.

"कटकट बसून पेडल मारताना येते, की उभं राहून?"

"उभं राहून. चढावर. बसलं की गायब."

"फक्त पेडल मारताना? की हँडल ओढलं की?"

त्या थांबल्या. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

कार्बनची फ्रेम म्हणजे आतून पोकळ ढोलकं. एका टोकाला टिचकी मारा, दुसऱ्या टोकाला ऐकू येते. चढावर आवाज आला की गिऱ्हाईकही बीबीवर बोट ठेवतं आणि मेकॅनिकही, कारण तो पायाखालूनच येतोय असं वाटतं. माझ्याकडे बीबीची म्हणून आलेली कितीतरी प्रकरणं भलतीकडेच निघालीत. कुठे सीटपोस्ट कोरडी, कुठे मागच्या चाकाचा एक्सल सैल, एकदा तर बाटलीच्या पिंजऱ्याचा स्क्रू. मॅडमनी ज्या दुकानात बीबी बदलून घेतलं त्यांनाही मी फार दोष देणार नाही. आवाज खरोखरच फसवतो.

स्टँडला सायकल लावली. जबडा सीटपोस्टवर, फ्रेमच्या नळीवर नाही. वरची नळी जबड्यात आवळणारा मेकॅनिक दिसला तर आपली सायकल घ्या आणि निघा. तिथे कार्बनची भिंत जेमतेम मिलिमीटरभर असते, लोखंडाच्या नळ्या जशा आवळायच्या तशी ती आवळता येत नाही. क्रँक हाताने हलवून पाहिला, घट्ट. सीटपोस्ट ठीक. सायकल खाली उतरवली, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडल पुढेमागे केलं.

कट.

हेडसेटवर, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगवर, बोट ठेवून परत केलं. बोटाला बारीक ठोका लागला. मी खूश! हेडसेट सैल झालाय, दहा मिनिटांचं काम, मॅडमची उद्याची राइड पक्की. तसं बोलूनही दाखवलं. बारक्याला म्हटलं, चहा सांग.

"तो तर गेल्या महिन्यात दोनदा घट्ट करून घेतला," मॅडम म्हणाल्या. "एकदा बीबी बदललं तिथे, एकदा एका ग्रुपमधल्या मुलाने करून दिला."

तेव्हाच कान टवकारायला हवे होते. एकदा बसवलेला हेडसेट महिन्यात दोनदा सैल होत नाही.

वरची टोपी खोलली. तिचा बोल्ट गंजून तांबूस, आणि कडेला पांढरी पावडर. "पावसाळ्यात ट्रेनरवर चालवता ना, घरात, एका जागी?" जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रोज दीड तास, आणि हो, टॉवेल टाकते. टॉवेल सगळेच टाकतात. घाम बरोबर हँडलवरून ओघळत हेडसेटमध्ये उतरतो. रस्त्यावर वारा तो वाळवतो, खोलीत तो थेंब थेंब मुरतो. कार्बनला घामाचं काही वाटत नाही. पण कार्बनला चिकटून अॅल्युमिनियम असलं आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरीसारखा खेळ सुरू होतो, आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. ती पांढरी पावडर म्हणजे त्याचा गंज. जागच्या जागी फुगतो आणि सीटपोस्ट अशी अडकवतो की शेवटी करवत घ्यावी लागते. ट्रेनरवरून उतरलात की ओल्या फडक्याने हेडसेट, हँडल, बोल्ट पुसून घ्या. महिन्याला हजार रुपयांचं पॉलिश लावणारे लोक एवढं करत नाहीत.

स्टेमचे, म्हणजे हँडल चिमट्याच्या दांड्याला धरणाऱ्या तुकड्याचे, दोन बोल्ट सोडले. स्टेम वर सरकवून काढला. चिमट्याचा दांडा उघडा झाला. स्पिरिटच्या फडक्याने पुसला, आणि मागच्या बाजूला, जिथे स्टेमची चीर येते तिथे, एक आडवी रेघ दिसली. केसाएवढी. आधी वाटलं ओरखडा असेल, स्टेमच्या कडेने उठलेला. नख फिरवलं. नख अडकलं.

मोबाइलची बॅटरी जवळून मारली. रेघ वरवरची नव्हती. दोन्ही अंगठे लावून दाबलं तर ती किंचित, अगदी किंचित उघडली आणि मिटली. तीच ती कटकट.

"आज सकाळी सायकल चालवलीत?"

"हो, बोपदेव घाट करून आले. उद्यासाठी पाय मोकळे."

"उतारावर किती?"

"अठ्ठावन्न."

चहा आला होता. मी त्यांना म्हटलं, मॅडम, आधी बसा. त्यांना वाटलं मी बिलाची तयारी करतोय. मग त्यांचंच बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. बोट अडकलं तसा चेहरा बदलला. हा दांडा म्हणजे हँडल आणि पुढचं चाक यांच्यातला एकुलता एक दुवा. तो तुटला की हँडल हातात आणि सायकल भलतीकडे. वळणावर, अठ्ठावन्नच्या वेगात, समोरून टेम्पो. पुढचं मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही.

मग मी प्लग बाहेर काढला आणि माझ्या पोटात गोळा आला.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्यात आतून चांदणीच्या आकाराचं नट ठोकतात. कार्बनमध्ये ते ठोकलं तर आतून चिरफाड होईल, म्हणून तिथे पसरणारा प्लग बसवतात. त्याचं एक काम म्हणजे वरच्या टोपीला पकड देणं, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम जास्त मोलाचं आहे. स्टेम बाहेरून दांडा आवळतो तेव्हा आतून टेकू द्यायचा. पोकळ नळी मुठीत दाबली तर चेपते, आत लाकडाचा ठोकळा असला तर नाही. तर तो ठोकळा मुठीच्याच उंचीला हवा.

या सायकलवर स्टेम खाली होता आणि त्याच्या वर दोन स्पेसर, म्हणजे उंची भरून काढणाऱ्या कड्या, मिळून वीस मिलिमीटर. प्लग आखूड, जेमतेम अडीच सेंटीमीटरचा. म्हणजे तो स्पेसरच्या उंचीला बसला होता, आणि स्टेम त्याच्या खाली पोकळ नळी आवळत होता. ठोकळा वर, मूठ खाली.

"हा स्टेम खाली कोणी घेतला?" मी विचारलं. आवाजात थोडा तोरा होता, खोटं का बोलू.

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "गेल्या ऑक्टोबरात नाही, त्याच्या आधीच्या. मला पोझिशन खाली हवी होती."

रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात होतं: स्टेम खाली, टेप नवी, साडेतीनशे. बस. हात कोणाचा, माझा की बारक्याचा, आठवत नाही. बोल्ट किती आवळला, लिहिलेलं नाही. प्लग खाली सरकवला का, त्याचा उल्लेख नाही. मॅडमनी रजिस्टर स्वतःकडे वळवून घेतलं आणि दोन पानं मागेपुढे चाळलं, जसं त्या दिवसभर लोकांची चाळतात. "यात काम काय केलं ते कळतच नाही हो काका," एवढंच म्हणाल्या. राग नव्हता त्यात, तेच जास्त लागलं.

सुटायला वाट होती. नंतर दोन जणांनी तो हेडसेट आवळलाय, त्यांनी बोल्ट किती पिळले देव जाणे. स्टेमवर बारीक अक्षरात पाच न्यूटन मीटर छापलंय, बोल्ट तेवढाच आवळायचा. पाच म्हणजे दहा सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर साधारण पाच किलोचा भार. जुन्या सायकलींच्या कॉटर पिनांचे नट आवळत म्हातारा झालेला हात सहज दहा-बारा लावतो आणि त्याला ते सैलच वाटतं. सैल वाटलं की आणखी थोडं. तसं त्या दोघांनी केलं असेल. पण प्लग चुकीच्या जागी ठेवला तो माझ्या दुकानाने, आणि टॉर्क पाना, ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा, तेव्हाही माझ्याकडे होता. काचेच्या कपाटात, डब्यासकट, देवघरातल्या मूर्तीसारखा. हाताला कळतं, असं मी पोरांना सांगत आलो होतो.

मी म्हटलं, चिमटा माझ्या खर्चाने येईल. मॅडम म्हणाल्या, ते नंतर बघू, उद्याचं काय? यावर काही पॅच, काही लेप? फ्रेमची नळी चिरली तर कार्बनचे थर चढवून दुरुस्त करणारे जाणकार लोक आहेत, नीट झालेलं काम वर्षानुवर्षं टिकतं. पण चिमट्याच्या दांड्याच्या दुरुस्तीला मी हात जोडतो. माझी स्वतःची अॅल्युमिनियमची सायकल देऊ केली. सीटची उंची मोजून पाहिली, जमण्यासारखी होती. त्यांनी एक चक्कर मारली आणि उतरल्या. "दुसऱ्याच्या सायकलवर तीनशे केले तर सोमवारी गुडघे कोणाचे आणू?" बरोबर होतं. शटरखालून वाकून बाहेर पडताना फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, उद्या डीएनएस. म्हणजे सुरूच केली नाही. चार महिन्यांच्या तयारीवर तीन अक्षरं.

दुपारी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हटलं, एका चिमट्याचं काम निघालंय.

संध्याकाळी मॅडम परत आल्या. म्हणाल्या, तुम्ही तो टाकून देणार असाल तर मला आतून बघायचाय. दांडा व्हाइसमध्ये रबर लावून धरला, वर दोन फुटी पाइप चढवला. बारक्याला म्हटलं, हळू रेट. त्याने नीट जोर लावायच्या आतच दांडा गेला. लोखंड तुटतं तसा खण्ण आवाज नाही, वाळका बांबू मोडावा तसा. मोडलेल्या तोंडाशी काळे तंतू केसांसारखे पिंजारलेले होते. जवळून बघितलं तर अर्ध्याहून अधिक घेरातले तंतू जुनेच तुटलेले, घासून गुळगुळीत झालेले, मधल्या फटीत पांढरट धूळ. ताजे, टोकदार तंतू फक्त पुढच्या बाजूला. सकाळी बोपदेव उतरताना मॅडम तेवढ्यावरच होत्या. बारक्या नुसता बघत राहिला. त्या म्हणाल्या, "याला हात नका लावू, तूस रुततं ना?" खरंय, कार्बनचं तूस कातडीत गेलं की दिवसभर चावतं, आणि करवतीची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावून ओल्यानेच कापायचं असतं. तो तुकडा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला. ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय म्हणे.

नवीन चिमटा यायला तीन आठवडे लागले. किंमत पंचवीस हजारांच्या घरात. निम्मे घेतलेच पाहिजेत म्हणून त्या अडून बसल्या, मी नाही म्हणत राहिलो, शेवटी बेअरिंग आणि मजुरी त्यांची आणि चिमटा माझा असं ठरलं. दांडा कापायच्या आधी तीनदा मोजला. स्टेमच्या वर पाच मिलिमीटरचा एकच स्पेसर राहील असा कापला. प्लग या वेळी लांब मागवला, स्टेमची पूर्ण उंची आतून व्यापणारा, आणि प्लग कुठवर येतो ते बाहेरून पेन्सिलने आखून घेतलं. बेअरिंगला ग्रीस भरपूर.

मॅडम समोर स्टुलावर बसून बघत होत्या. शेवटचे दोन बोल्ट राहिले तेव्हा मी टॉर्क पाना पाचवर लावला आणि त्यांच्या हातात दिला. एकदा हा, एकदा तो, आलटून पालटून, म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, बारक्या हसला. जरासा फिरवला आणि पान्याने टक् केलं.

"इतकंच?"

"इतकंच."

दुसऱ्या बोल्टलाही टक् झालं. मी रजिस्टर उघडून तारीख, प्लगची लांबी, स्टेम पाच, सगळं लिहिलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि मग बेअरिंगच्या बिलावर जीएसटी नंबर कुठाय म्हणून विचारलं.