सातबाऱ्यावरची ‘पड’ आणि आमदारांना दिलेलं एक पान

माझं माहेर नान्नजच्या बाजूचं. गावाचं नाव लिहीत नाही, गायरानाचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात. मी सोलापुरात शाळेत शिकवते. माझे चुलते, आप्पा, अजून मेंढरं राखतात.

गेल्या वर्षी गावात कुणकुण लागली की गायरानावर काहीतरी येणार. कुणी म्हणे सोलर, कुणी म्हणे झाडं लावणार. मी पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. पीकपाहणीत दोनच शब्द होते, ‘गवत पड’. क्षेत्र लागवडीस अयोग्य. आप्पांना वाचून दाखवलं तर ते बराच वेळ गप्पच होते. मग म्हणाले, “पोरी, पडीक म्हणत्यात व्हय त्याला? मग चार म्हैने माजी मेंढरं काय दगडं खात्यात?”

त्या एका शब्दासाठी मी आमदारांकडे गेले. ते कसं झालं ते सांगते, कारण दुसऱ्या गावातल्या कुणाला जायचं असेल तर माझे फुकट गेलेले महिने तरी वाचतील.

आधी माळाबद्दल. आमच्याकडे पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवतं. कुसळीचं कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते हळूहळू पीळ सोडत फिरायला लागतं. पाऊस पडला की याच फिरण्यानं ते आपलं टोकदार बी मातीत रोवतं. नांगर नाही, पेरणी नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वरचं सगळं वाळून जातं, पण मुळं जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात माळ पुन्हा हिरवा होतो. या गवताचा कर्ब, म्हणजे कार्बन, बराचसा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. म्हणून माळ वाचवणं हेसुद्धा हवामानाचंच काम आहे, हे मी वर्गात मुलांना सांगते. तिथे काळवीट आहेत, खोकड आहे, लांडगा आहे. माळढोक मी लहानपणी आप्पांबरोबर दोनदा पाहिला. आता तो दिसला तर बातमी होते. जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालणारा पक्षी. त्याला माळ लागतो, दाट झाडी चालत नाही. म्हणून ओसाड दिसतंय म्हणून माळावर झाडं लावायची हा विचार मला फार घातक वाटतो, मग तो कितीही चांगल्या मनानं केलेला असो.

माझं पहिलं पत्र चार पानी होतं. त्यात सगळं जग होतं, हिमनद्यासुद्धा. पोस्टानं पाठवलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा कार्यालयात गेले तेव्हा स्वीय सहायकांनी पत्र चाळलं आणि शांतपणे विचारलं, “मॅडम, साहेबांनी सभागृहात नेमकं काय करायचं, ते यात कुठं आहे?”

तो प्रश्न बरोबर होता. मी घरी येऊन विधिमंडळाचं कामकाज समजून घेतलं. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं; तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देऊ शकतात, अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारऐवजी स्वतःचं विधेयक, मांडू शकतात. अशी विधेयकं मंजूर होणं दुर्मीळ, पण विषय नोंदीवर येतो. जमीन हा राज्यसूचीतला विषय. वनं आणि वन्यजीव १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत, आले. म्हणजे “हे दिल्लीचं काम आहे” असं कुणी म्हणालं तर ऐकून परत यायचं कारण नाही. शहरातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं. गायरानासाठी जमीन महसूल संहितेत तरतूद आहे, पण ती गुरं चारण्यापुरती. गवताळ माळ हा कुणाचं तरी घर आहे, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही.

मग एक पान लिहिलं. मागण्या तीनच. गवताळ माळाची कायद्यात अधिवास म्हणून वेगळी नोंद व्हावी. मेंढपाळांचा चराईचा हक्क त्याच कायद्यात असावा. आणि गायरान दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती व एक उन्हाळा, एक पावसाळा पक्षी-प्राण्यांची पाहणी व्हावी.

स्वीय सहायक म्हणाले, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, वजन येतं. खरी परीक्षा तिथे झाली.

पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब. दुसरीला माणसं जमली आणि मी बोलायला उठताच मागून एकजण म्हणाले, “परत माळढोक आणताय का आमच्या मानगुटीवर?” त्यांचा राग खोटा नव्हता. १९७९ मध्ये आमच्या भागात माळढोक अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं, मालकीची शेतं, रस्ते, सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण मधल्या काळात एक पिढी त्या पक्ष्याला शिव्या देत मोठी झाली. माझ्या वडिलांनीही दिल्या आहेत. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी ते मान्य केलं. सांगितलं, यात कुणाची खासगी गुंठाभर जमीन नाही, फक्त गायरानाचा गट आहे, आणि चराई बंद करा असं एका ओळीतही लिहिलेलं नाही. ती ओळ दोनदा वाचून दाखवली.

तरी कुजबुज थांबेना. मग आप्पा उठले. सभेत ते कधी बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, “गवत हाय तवर मेंढरं हायती. मेंढरं हायती तवर तुमच्या रानात खत पडतंय.” शेतात मेंढरं बसवून घेणारे चारपाच जण समोरच होते. ठराव झाला. एकमतानं नाही, बहुमतानं.

आमदारांची भेट जेमतेम दहा मिनिटांची. बाहेर पाण्याची, रस्त्याची, दाखल्यांची कामं घेऊन माणसं उभी होती, त्यांचीही कामं खरीच. साहेबांनी पान पूर्ण वाचलं. मग विचारलं, “सोलरचं काय? शेतकऱ्याला दिवसा वीज नको?”

हा प्रश्न मला टाळायचा नव्हता. वीज हवीच. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला माझा भाऊ जातो, साप-विंचवाची भीती मला ठाऊक आहे. कोळसा कमी जाळायचा तर सौरऊर्जा लागणारच. मी म्हटलं, “साहेब, पॅनल खाणीच्या उकरलेल्या जागेवर बसवा, शाळेच्या, बाजार समितीच्या छपरांवर बसवा. गवत असलेला माळ तेवढा सोडा. सातबाऱ्यावर दोन्हीला पडच म्हणतात, म्हणून वेगळी नोंद मागतेय.” ते लगेच हो म्हणाले नाहीत. एवढ्या छपरांवर भागणार नाही, असं म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. पण पाहणी आधी व्हावी, हे त्यांना पटलं. खात्याच्या मंत्र्यांना पत्र द्यायला आणि पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न तयार करायला त्यांनी तिथेच सांगितलं.

कुणी जाणार असेल तर एवढं करा: अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका. प्रश्नांच्या सूचना खूप आधी द्याव्या लागतात. गट क्रमांक आणि ठरावाची प्रत सोबत ठेवा, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

पत्राचा मसुदा संगणकावर तयार झाला तेव्हा विषयाच्या ओळीत आलं, ‘पडीक गायरान जमिनीच्या संरक्षणाबाबत’. स्वीय सहायकांचा दोष नाही, सगळी कागदपत्रं तेच म्हणतात. मी म्हटलं, “दादा, तेवढा शब्द बदलाल का?” त्यांनी विचारलं, काय टाकू? मी सांगितलं. ‘गवताळ माळ’ असं टाइप करून त्यांनी दुसरी प्रत काढली, साहेबांची सही घेतली, जावक क्रमांक टाकला.

प्रश्न अजून सभागृहात आलेला नाही. पत्राची झेरॉक्स मी रविवारी आप्पांना नेऊन दिली. त्यांना अक्षर नीट लागत नाही. तो शब्द कुठं आहे ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवायला सांगितलं.