लोणच्याला एवढे कागद कशाला?

"अहो, लोणचंच ना ते? पिढ्यान्‌पिढ्या लोक बरण्या भरून ठेवतायत. कोणी मेलंय का खाऊन?"

मी भाज्यांची लोणची अमेरिकेत आयात करते हे कळलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुधा स्वतःच हा धंदा करायच्या बेतात असतो, आणि कोणीतरी त्याला एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याच्या, फॉर्मांची यादी दाखवून घाबरवलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९७७ मध्ये मिशिगनमधल्या पॉन्टिॲक गावी एका रेस्टॉरंटात जेवलेल्या जवळपास ६० जणांना बोट्युलिझम झाला, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा. मूळ सापडलं ते घरगुती पद्धतीने बरण्यांत भरलेल्या मिरच्यांत. बोट्युलिझमचा जिवाणू मातीत असतो, म्हणजे भाजीवरही असायचाच. त्याचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. हवा नाही, ओल आहे आणि आंबटपणा कमी आहे अशी जागा मिळाली की ते जागे होतात आणि विष तयार करतात. झाकण घट्ट लावलेली बरणी म्हणजे नेमकी अशीच जागा. वर तेलाचा थर दिला की लोणचं सुरक्षित, असं मीही समजत होते. तेल बुरशीला अडवतं हे खरं, पण ते अडवतं हवा बंद करून, आणि या जिवाणूला तेच हवं असतं.

त्याला रोखते ती आम्लता. ती पीएच या आकड्यात मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल तर या जिवाणूचं काही चालत नाही. एफडीएचा १९७९ चा नियम, म्हणजे नियमावलीतला भाग ११४, याच आकड्याभोवती उभा आहे. मूळची कमी आंबट भाजी, तिला व्हिनेगरसारखं काहीतरी घालून आंबट केलेलं: अशा मालाला ते 'ॲसिडिफाइड फूड' म्हणतात. तुमचं गाजर, फ्लॉवर, कांदा, काकडी सगळं यात आलं.

आता गंमत ऐका. नियम नुसता पीएच विचारत नाही, 'इक्विलिब्रियम पीएच' विचारतो. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कस्टम्स ब्रोकरला फोन करून अर्थ विचारला होता. त्याने दहा मिनिटं समजावलं, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की याला आपण मुरणं म्हणतो! फोडीच्या आतला आंबटपणा आणि बाहेरच्या पाण्यातला आंबटपणा एक झाला की लोणचं मुरलं. कायद्याला त्या मुरलेल्या अवस्थेतला आकडा हवा असतो. मी एकदा मुद्दाम बघितलं. आदल्या दिवशी भरलेली फ्लॉवरची बरणी उघडली. पाण्याचा पीएच ३.३, छान. मग एक जाड देठ मधोमध चिरून आतला गर मोजला, तर ५.१. पाणी चाखून "मस्त आंबट झालंय" म्हणणारा माणूस त्या देठाबद्दल काहीच सांगत नसतो. म्हणून मोजताना फोडी निथळून, मिक्सरमधून काढून मोजायच्या. आकडा ४.० च्या वर असेल तर पीएच मीटरच लागतो, रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या चालत नाहीत. आणि पीएच मोजपट्टीसारखा सरळ चढत नाही. ३.६ आणि ४.६ यांच्यात एकाचा नाही, दहा पटींचा फरक असतो.

आंबटपणा जमला म्हणजे झालं असंही नाही. आम्लात तग धरणारे इतर जिवाणू असतात, म्हणून बहुतेक वेळा ठरावीक तापमान आणि ठरावीक मिनिटं लागतात. ती तुम्ही किंवा मी ठरवायची नाहीत. 'प्रोसेस ऑथॉरिटी' म्हणवणारा जाणकार ती ठरवतो. मग कारखान्याची एफडीएकडे नोंदणी होते आणि प्रत्येक पदार्थाची प्रक्रिया वेगळी दाखल होते. पदार्थ आणि बरणीचा आकार मिळून एक नंबर पडतो.

या बरणीनेच मला रडवलं. एका पुरवठादाराने मला न सांगता छोट्या बरणीऐवजी मोठी वापरली. माल तोच, मसाला तोच, "ताई, उलट जास्तच देतोय तुम्हाला." पण मोठ्या बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला जास्त वेळ लागतो आणि दाखल केलेली प्रक्रिया छोट्या बरणीची. कंटेनर बंदरात अडकला. डिमरेज, म्हणजे बंदरात अडकलेल्या कंटेनरचं भाडं, रोज चढत होतं, आणि मी पुरवठादाराकडून भरणीच्या दिवसाचे तापमानाचे लॉग मागत होते. ते सापडले नाहीत. शेवटी माल नाकारला गेला. नाकारलेला माल ९० दिवसांत परत न्यायचा किंवा नष्ट करायचा. मी नष्ट केला. लोणचं बहुतेक चांगलंच असेल. पण 'बहुतेक' लिहायला त्या फॉर्मवर रकाना नाही.

"आमचं तर आंबवलेलं आहे, व्हिनेगर नाहीच," असं काही जण ठासून सांगतात. खरंच मिठाच्या पाण्यात आंबवून पीएच खाली आणला असेल तर भाग ११४ लागू होत नाही. पण खोदून विचारलं की शेवटी "चवीपुरतं थोडं व्हिनेगर" निघतंच. असला माल कशात बसतो ते जाणकाराने ठरवावं, विक्रेत्याने नाही. कायम थंड ठेवून विकला जाणारा मालही या भागातून सुटतो.

बाकीचे कागद कंटाळवाणे आहेत, पण अवघड नाहीत. परदेशी कारखान्याला अमेरिकेतला एजंट लागतो, नोंदणी दर सम वर्षी नव्याने करावी लागते, आणि जहाजाने येणाऱ्या मालाची पूर्वसूचना पोचायच्या किमान ८ तास आधी द्यावी लागते. २०१७ पासून पुरवठादाराची पडताळणी आयातदाराच्या गळ्यात आहे. म्हणजे "त्यांनी सांगितलं नाही" हे माझं उत्तर होऊ शकत नाही.

लेबलवर मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. मोहरी युरोपात आणि कॅनडात ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करावी लागते, अमेरिकेच्या यादीत ती नाही. तीळ मात्र २०२३ पासून आहेत. म्हणून एकच लेबल सगळीकडे चिकटवता येत नाही. कृत्रिम पिवळा रंग घातला असेल तर तो नावानिशी लिहावा लागतो. 'कलर' एवढ्यावर भागत नाही.

हल्ली नवा उत्पादक नमुना घेऊन आला की मी चव सगळ्यात शेवटी घेते. आधी विचारते, तुमची सगळ्यात जाड फोड किती जाड असते? ज्याच्याकडे मिलिमीटरमध्ये उत्तर असतं, त्याच्यासाठी चहा टाकते.