हात मिळवतानाचा फोटो

आज एक जुना कृष्णधवल फोटो समोर आला आणि दिवसभर डोक्यातून जाईना. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांचे कॅप्टन हात मिळवताहेत. लोयोला शिकागोचा जेरी हार्कनेस कृष्णवर्णीय, मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड गोरा. १५ मार्च १९६३, ईस्ट लान्सिंग, मिशिगन.

हार्कनेस पुढे सांगायचा, हात पुढे केला आणि फ्लॅश असे लखलखले की तेव्हा कुठे कळलं, हे प्रकरण मॅचपेक्षा मोठं आहे.

मिसिसिपीची टीम इथवर आली ती चक्क पळून! कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचं नाही, असा त्या राज्यात अलिखित नियम. त्यापायी १९५९, ६१ आणि ६२ मध्ये एनसीएए या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर पाणी सोडलेलं. या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्वर्ड म्हणाले, जायचं. लगेच कोर्टाचा मनाई हुकूम. मग कोच बेब मॅकार्थी आधीच राज्याबाहेर सटकले. सकाळी विमानतळावर पुढे कोणाला पाठवलं? राखीव पोरांना. कोणी अडवतंय का बघायला.

सुरुवातीला मिसिसिपी ७-० पुढे, शेवटी लोयोला ६१-५१. पहिल्या पाचात चौघे कृष्णवर्णीय असलेल्या या लोयोलाने पुढे सिनसिनाटीला ओव्हरटाइममध्ये ६०-५८ हरवून विजेतेपदही घेतलं. असो.

२०११ मध्ये गोल्ड गेला. हार्कनेस अंत्यविधीला पोचला, तर शवपेटीजवळ हाच फोटो ठेवलेला.