पोहा की पोहे?

इंदूरच्या मराठी मुलांना व्याकरण दोनदा शिकावं लागतं, आणि दोन्ही वेळा लिपी तीच असते. हिंदीच्या तासाला 'कवि' लिहायचं, मराठीच्या तासाला 'कवी'. तिकडे 'गुरु', इकडे 'गुरू'. बरं, मराठीतसुद्धा 'गुरुवार' किंवा 'कविसंमेलन' म्हटलं की दुसरा उकार, दुसरी वेलांटी परत पहिली होते. दोन्ही शब्द अचूक येत असूनही ते चुकीच्या तासाला लिहिल्यामुळे दोन्ही पेपरांत गुण गेलेली मुलं आमच्या वर्गात होती.

आमचे मराठीचे सर यावर कधी चिडले नाहीत. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायचे. डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी. घरात आणि गल्लीत आम्ही जे बोलायचो, ते दोन्हीकडे मांडून बघायचं.

सगळ्यात गाजला तो पोह्यांचा तास. इंदूर सकाळी 'पोहा' खातं, एकवचनात. मराठीत ते 'पोहे', पुल्लिंगी आणि अनेकवचनी. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मी पोहा खाल्ला." सरांनी विचारलं, "एकच? मग उपाशीच आलास की रे!" वर्ग हसून लोळला. हसू ओसरायच्या आत पुढचा प्रश्न आला: यात क्रियापद कोणाचं ऐकतं, तुझं की पोह्यांचं? पोहे खाल्ले, जिलबी खाल्ली, दही खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद बशीत बघून रूप बदलतं. कर्मणी प्रयोग मला त्या दिवशी कळला तो कायमचा. मग 'आईने मुलाला बोलावलं' हे वाक्य आलं. इथे क्रियापद आईचंही ऐकत नाही आणि मुलाचंही नाही, नपुसकलिंगी एकवचनात आपलं ठाम उभं राहतं. भावे प्रयोगाची याहून सोपी ओळख मी पुढे कुठे वाचली नाही.

नपुसकलिंग हा तर आम्हा इंदूरकरांचा खास प्रांत. हिंदीत ते नाहीच, त्यामुळे आमच्या बोलण्यात दही 'आंबट झाला', पुस्तक 'फाटली', आणि मराठीत पुल्लिंगी असलेला चहासुद्धा 'थंड झाली'. पुण्याचे पाहुणे याला हसत. सर म्हणत, हसा, पण आधी बघा, या प्रत्येक चुकीला हिंदीचा एक पक्का नियम आहे. ते मला आजही शंभर टक्के पटतं. 'मी येऊन राहिलोय' म्हणणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या जिभेवर दोन भाषा एकदम नांदत असतात.

पाहुण्यांची गंमतही सर फळ्यावर घेत. शहरात 'जिला शिक्षा अधिकारी' अशी पाटी वाचून मराठी मूल दचकणारच, कारण आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. 'यातायात पुलिस', म्हणजे वाहतूक पोलीस, हे तर सरांना फार आवडायचं. चौकात उन्हात उभ्या त्या शिपायाची यातायात दोन्ही भाषांत खरी आहे, असं ते म्हणत.

आणखी एक गोष्ट त्यांनी अभिमानाने सांगितली होती. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा 1911 सालचा भरभक्कम ग्रंथ लिहिणारे मोरो केशव दामले, म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू, उज्जैनच्या माधव कॉलेजात प्राध्यापक होते. मराठी व्याकरणाचा एवढा मोठा अभ्यासक आपल्या शेजारच्या गावात, माळव्यात राहून गेला, हे ऐकल्यावर व्याकरण आम्हाला परकं वाटेनासं झालं.

शाळेच्या या महोत्सवी वर्षात माझी एक विनंती आहे. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी आणि मुलांनी तिच्यात घरी ऐकलेली अस्सल इंदुरी मराठी वाक्यं लिहावीत, लाल शाईने न सुधारता. शेजारी फक्त त्यामागचा हिंदी नियम लिहावा. माझ्या आजीचं वाक्य मी आत्ताच देते: "भाजी जळून राहिली, आणि तुम्ही लिंग काय विचारता!"